चार आण्यांचे तिकीट

भारतात चित्रपट प्रथम केव्हा व कोठे दाखविला गेला? ७ जुलै १८९६, मुंबई, वॉटसन हॉटेल. हे उत्तर आपण सर्वांनी पाठ केले आहे. गेल्या वर्षी प्रश्नमंजूषेत मीही तेच दिले आणि गुण मिळविला. उत्तर चूक नाही. परंतु आपल्याकडील चित्रपटगृहाचा इतिहास त्या दिवसापासून मोजावा, हे मात्र मला पटत नाही. तो एक आठवडा पुढे, १४ जुलैपासून मोजावा असे माझे मत आहे.

कारण एकच, तिकीट!

पॅरिसच्या ग्रँड कॅफेमध्ये ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून खेळ केला. पुढे सहा-सात महिन्यांतच त्यांचा माणूस मारियस सेस्टिए मुंबईत आला. वॉटसनमध्ये त्याने सहा लहान फिती दाखविल्या. स्थानकात येणारी आगगाडी, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत, कारखान्यातून सुटलेले कामगार. तिकीट होते एक रुपया. गंमत पाहा, पडद्यावर कामगार होते. पण ते पाहायला कामगाराने रुपया आणायचा कोठून? आणि आणला तरी साहेबलोकांच्या त्या हॉटेलाची पायरी चढायची कशी?

१४ जुलैपासून हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तेथे लवकरच चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवण्यात आले. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स राखले गेले. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे दर एकदम चौथ्या हिश्श्यावर! कोणी म्हणेल, त्या काळी चार आणेही थोडे नव्हते. मान्य आहे. पण दार किलकिले झाले ते येथेच.

पुढे दादासाहेब फाळके याच दाराने गेले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तेही तीन आण्यांत, अशी जाहिरात केली, असे सांगतात. (चित्रपट होता ३७०० फुटांचा, म्हणजे मैलभरही नव्हे! पण छायाचित्रांचा हिशेब बराचसा जुळतो.) फाळक्यांनी पुराणेच का निवडली म्हणून आज काही विद्वान नाके मुरडतात. मूकपटात मजकूर पडद्यावर लिहून येई, हे ते विसरतात. ज्याला अक्षर येत नव्हते त्याला हरिश्चंद्राची गोष्ट कीर्तनातून ठाऊक होती. त्याचे पाट्यांवाचून अडले नसणार.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. माझी आजी निरक्षर आहे. लहानपणी जत्रेतल्या तंबूत तिने सिनेमे पाहिले. मधोमध पातळ कापडाचा पडदा, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, सगळे जमिनीवर. नावांच्या पाट्या बायकांच्या बाजूने उलट्या दिसत. मी विचारले, “मग गं, वाचायला अडचण नाही व्हायची?”

ती म्हणाली, “मला सुलटी तरी कुठं येत होती?”

इतिहास लिहिणाऱ्यांनी पडद्याच्या पुढचे सर्व टिपले आहे. यंत्र कोणाचे, फीत किती फुटांची, दिग्दर्शक कोण. तंबूत जमिनीवर कोण बसले होते ते कोणी फारसे विचारले नाही. ती माणसे अजून आपापल्या घरांत आहेत. येत्या सुट्टीत मी वही घेऊन आजीजवळ आणि तिच्या शेजारणींजवळ बसणार आहे. तिकीट किती होते, पैसे कोणी दिले, घरून परवानगी कशी मिळाली, एवढे तरी विचारून ठेवते. आपल्यापैकी आणखी कोणी आपल्या गावी हे करील काय?