वायफायचा पासवर्ड विसरला? टाचणी नंतर उचला



गेल्या महिन्याभरात आमच्याकडे आलेल्या तीन-चार कुटुंबांची तक्रार एकच होती. घरात नेट चालू आहे, पण नव्या फोनला जोडता येत नाही. पासवर्ड थोरल्या चिरंजीवांनी घातलेला. ते नोकरीनिमित्त परगावी आणि आता त्यांनाही तो आठवत नाही. एका घरी मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. शेजारच्या उत्साही मुलाने राउटरच्या भोकात टाचणी खुपसली, आणि चालू होते ते नेटही बंद पडले. अर्ज अखेर सायबर कॅफेत पैसे मोजून भरावा लागला. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

पहिली गोष्ट अशी की, राउटरचे पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा. वायफायचे नाव, पासवर्ड बदलायचा तर तो लागतो. आपण यातला कोणता विसरलो, हे आधी ठरवावे. दहापैकी नऊ वेळा पहिलाच विसरलेला असतो, आणि तो बहुधा घरातच सापडतो.

कसा? ज्या फोनवर वायफाय अजून चालू आहे, त्या फोनला तो पाठ असतो. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल, तर सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर जाऊन 'शेअर' दाबावे. चौकोनी क्यूआर कोड येतो. तो नव्या फोनने टिपला की काम झाले. पुष्कळ फोनांत कोडखाली पासवर्ड अक्षरांतही दिसतो. आयफोनमध्ये २०२२ साली आलेल्या आयओएस १६ पासून वायफायच्या नावाशेजारच्या खुणेवर गेल्यास पासवर्ड वाचता येतो. मात्र त्या फोनचे स्वतःचे कुलूप उघडणारा माणूस हजर पाहिजे. जुना पासवर्ड कधी बदललाच नसेल, तर राउटर उलटा करावा. पोटावरच्या लेबलावर वायफायचे नाव, पासवर्ड आणि बहुधा आतल्या सेटिंगचा पत्ताही छापलेला असतो. लेबल उलटे करताना मागची बारीक फायबरची वायर मुडपू नये. तिच्यात काच असते.

दुसरा पासवर्ड विसरला असेल तर गोष्ट थोडी कठीण. बँकेच्या ॲपसारखा इथे ओटीपी येत नाही, कारण बहुतेक राउटरांत हा पासवर्ड कंपनीच्या कचेरीत नसून त्या डबीच्याच पोटात असतो. फोनच्या ॲपवरून चालणारे काही नवे राउटर त्याला अपवाद आहेत. आधी लेबलावरचे नाव व पासवर्ड घालून पाहावे. पत्ता साधारणपणे १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, टाकताना आकडे इंग्रजी घालावेत. केबलवाल्याने राउटर बसवून दिला असेल तर त्याने आपला पासवर्ड घातलेला असू शकतो, त्याला विचारावे. मेन स्विच बंद-चालू केल्याने पासवर्ड पुसला जात नाही, राउटर फक्त नव्याने सुरू होतो.

आता ती टाचणी. रिसेटचे भोक म्हणजे शेवटचा उपाय. राउटर चालू ठेवून ते बटण साधारण दहा सेकंद दाबून धरले की दिवे एकदम विझून पुन्हा लागतात आणि राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कोरा म्हणजे खरोखरच कोरा! आपले पासवर्ड जातात, तशीच पुष्कळ जोडण्यांत कंपनीने आत भरलेली खात्याची माहितीही जाते. त्या शिष्यवृत्तीच्या घरी हेच घडले. वायफाय दिसत होते, पण नेट येत नव्हते. काही कंपन्या ही माहिती दुरून आपोआप भरतात, सगळ्याच भरत नाहीत. म्हणून टाचणी उचलण्याआधी केबलवाल्याला फोन करून खात्याचे युजरनेम व पासवर्ड कागदावर लिहून घ्यावे. महिन्याच्या महिन्याला आपण पैसे मोजतो. मागायला भीड कसली? राउटर कंपनीच्या मालकीचा असेल तर रिसेट त्यांनाच करू द्यावा. आणि एलओएस नावाचा दिवा लाल असेल, तर दोष पासवर्डचा नाही, फायबरच्या वायरीतून उजेड पोचत नाही. तिथे टाचणीचा काहीच उपयोग नाही.

रिसेट झाल्यावर आतल्या सेटिंगचा छापील पासवर्ड तसाच ठेवू नये. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असले कारखान्याचे पासवर्ड एकेक घालून पाहूनच. वायफायही उघडे ठेवू नये. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या वेळी जो ई-मेल आला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाडा येथील एका परदेशी गृहस्थाच्या जोडणीपर्यंत पोचला. वायफाय उघडे होते, वापरले भलत्याच कोणी, आणि चौकशी मात्र त्या गृहस्थाची झाली. आपल्या माणसांवर अशी वेळ आली तर धावपळ करायला किती जण येतील?

आमचे एक स्पष्ट मत आहे. हे 'पोरांचे काम' म्हणून आयाबहिणींनी सोडून देऊ नये. दिवसभर घरी तुम्ही असता, बिलाची तारीख तुम्हाला ठाऊक असते, मग पासवर्डच तेवढा एकट्या चिरंजीवांच्या डोक्यात का? दोन्ही पासवर्ड, खात्याचे युजरनेम आणि केबलवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा. राउटरवर चिकटवू नये, येणारा-जाणारा वाचतो.

एक सोय सांगायची राहिली. जुना वायफाय पासवर्ड फोनमधून सापडला असेल, तर रिसेटनंतर पूर्वीचेच नाव व तोच पासवर्ड, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, पुन्हा घालावा. घरातले सारे फोन आणि टीव्ही आपोआप जोडले जातात, प्रत्येकाचा हातात घेऊन बसावे लागत नाही. तो पासवर्ड साऱ्या चाळीला पाठ झालेला असेल, तर मात्र नवाच घालावा.