टँकमध्ये शेवाळ आलंय? आधी ती बाटली खाली ठेवा!

रीलमध्ये दिसतो तो समुद्री टँक असा असतो : निळा लाइट, पांढरीशुभ्र वाळू आणि खडकाच्या कपारीतून डोकावणारा केशरी क्लाउनफिश. सहा आठवड्यांनंतर तुमच्या घरातला टँक मात्र वेगळाच दिसतो. वाळूवर कॉफीची पूड सांडल्यासारखा तपकिरी थर, काचेवर हिरवट साय आणि खडकाला चक्क केस फुटलेले. आई विचारते, ‘यासाठी साठवलेस का एवढे पैसे?’ तुम्ही घाईघाईने फोटो काढून दुकानदाराला पाठवता. उत्तर येतं, ‘बाटली देतो, दोन दिवसांत साफ!’

माझं स्पष्ट मत आहे, ती बाटली घेऊ नका. निदान आत्ता तरी नाहीच.

आधी तण, मग पीक

शेत नांगरून मोकळं सोडलं तर पहिल्या पावसात काय उगवतं? तण. नव्या टँकचंही तेच आहे. सगळं कोरं असतं, जागा मोकळी असते, वर लाइट आणि खाली खत. आता हे खत येतं कुठून? माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही साखळी बसायलाच साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शेवटी उरणारं नायट्रेट आणि खाण्यातून येणारं फॉस्फेट, या दोन्हींवर शेवाळ पोसलं जातं.

म्हणजे तुमचा टँक बिघडलेला नाही, तो अजून घडतोय. जगभरचे हौशी लोक या काळाला ‘अग्ली फेज’ म्हणतात. आधी बहुतेक वेळा येतात ते तपकिरी डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. वाळूतलं आणि पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. मग हिरवं केसाळ शेवाळ येतं. कधी लालसर मखमली थर पसरतो. तो तर शेवाळही नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. त्यांचे पूर्वज दोन अब्ज वर्षांहून आधीपासून पृथ्वीवर आहेत आणि हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो त्यांनीच. त्यांना एका बाटलीत कायमचं संपवू म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं, नाही का?

बाटली काय करते?

समजा, औषध टाकलं आणि शेवाळ मेलं. पण मेलेलं शेवाळ जातं कुठे? तिथेच, टँकमध्ये कुजतं. त्याने शोषलेलं खत परत पाण्यात येतं. कुजताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात. खाऱ्या पाण्यात मुळात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन कमी मावतो, पाणी तापलं की आणखी कमी. मे महिन्यात आपल्याकडच्या बंद खोलीत हे पाणी कुठे जातं ते तुम्हीच बघा. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले, की समजायचं औषधाचं बिल कोण भरतंय.

काही शेवाळनाशकांत तांबं असतं. ते गोगलगाई, कोळंबी यांच्यासाठी विष आहे. लाल थरासाठी काही जण थेट अँटिबायोटिक टाकतात. त्याने तुम्ही दीड महिना खपून वाढवलेल्या उपयोगी जिवाणूंनाही फटका बसू शकतो, आणि वर ते पाणी गटारात जातं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः अँटिबायोटिक घेऊ नये, एवढं आपल्याला कळतं. मग टँकला का द्यायचं? दुखणं खत जास्त झाल्याचं आणि मारा शेवाळावर, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

उलट टोकही तितकंच वाईट. काही जण इतकं घासतात, इतके फिल्टर लावतात, की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात. नेमक्या अशा ‘स्वच्छ’ टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट डोकं वर काढतात. बुडबुडे अडकलेला तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर. त्यातले काही प्रकार विषारी असतात, गोगलगाई मरतात. म्हणून चकाचक टँक हे ध्येयच चुकीचं आहे.

मग नुसतं बघत बसायचं?

अजिबात नाही. काम आहे, फक्त ते कंटाळवाणं आहे.

पाणी तपासा. नळाच्या पाण्यातून सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट येऊ शकतं. घरचा आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पिण्याच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. मीठ घालण्याआधी आकडा शून्याच्या जवळ हवा, त्यासाठी आरओनंतर डीआय फिल्टर लागतो. आणि ‘समुद्र तर जवळच आहे’ म्हणून चौपाटीवरून कॅन भरून आणू नका. शहराच्या किनाऱ्यावर सांडपाणी येतं, म्हणजे खतच.

खाणं कमी करा. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. फ्रोझन खाणं वितळवून, त्याचं पाणी ओतून मगच घाला.

लाइटला टायमर लावा. नुसते मासे असतील तर सहा ते आठ तास पुरतात. टँक खिडकीच्या उन्हात नको.

हात घाला. केसाळ शेवाळ उपटा, जुन्या टूथब्रशने खडक घासा आणि सुटलेला गाळ नळीने ओढून बाहेर काढा. आठवड्याला साधारण दहा टक्के पाणी बदला. शेवाळ बाहेर गेलं की त्याने खाल्लेलं खतही बाहेर जातं. बाटलीला हे जमत नाही.

गोगलगाई आणा, पण मोजक्या. एकदम वीस आणल्या तर महिन्याभरात शेवाळ संपेल आणि त्या उपाशी मरतील.

आणि एक वही ठेवा. नायट्रेट, फॉस्फेट, तारीख. महिन्याभराचे आकडे डोळ्यांसमोर असले की घाबरून औषध टाकायची वेळ येत नाही. एवढं सगळं करूनही तीन-चार महिने एखादा प्रकार हटला नाही, तर तो नेमका कोणता ते ओळखा आणि मग औषधाचा विचार करा. शेवटचा उपाय शेवटीच यावा.

पैसे तुमचे, जीव त्यांचा

‘टँक माझा, पैसे माझे, मी काहीही टाकेन’ असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. क्लाउनफिशसारखे काही मासे टँकमध्ये पैदा होतात, पण दुकानातले बहुतेक समुद्री मासे खऱ्या समुद्रातून पकडून आणलेले असतात. आपल्या उतावळेपणाची किंमत अशा एखाद्या जिवाने का द्यावी?

उपटलेलं शेवाळ खाडीत किंवा समुद्रात टाकू नका, वाळवून कचऱ्यात टाका. १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पा नावाचं शेवाळ दिसलं. ते मत्स्यालयातून समुद्रात गेलं असं मानलं जातं. पुढे ते भूमध्य समुद्रात हेक्टरच्या हेक्टर पसरलं.

चार महिने कुरूप टँक बघायची तयारी नसेल, तर समुद्री टँक घेऊच नका. त्यात कमीपणा काही नाही. पण घेतलाच असेल तर थांबा. एक दिवस गोगलगाईच्या शंखावर, मग खडकावर जांभळे-गुलाबी कडक ठिपके दिसायला लागतील. टँक स्थिरावल्याची ती खूण. मित्र विचारतील, ‘हा कलर कुठून आणलास?’

सांगा त्यांना, हे कोरलाइन आहे. आणि हो, हेही शेवाळच आहे.