फुर्त्सेवाबाईंचा डाचा

येकातेरिना फुर्त्सेवा या सोविएत संस्कृतिमंत्री बाईंबद्दल काहीही वाचायला घ्या, गोष्ट ठरलेली. गिरणीतली पोर, दिसायला देखणी, कपड्यांची हौस, ख्रुश्चेवची मर्जी (इथे लिहिणारा हमखास डोळा मारतो). मर्जी गेली तशी म्हणे हाताच्या शिरा कापून घेतल्या, शेवटी डाचा बांधण्याच्या भानगडीत अडकली आणि मेली. बिचारी!

मला या 'बिचारी'चा भयंकर राग येतो.

आधी त्या मर्जीचं बघू. जून 1957 मध्ये मोलोतोव, मालेन्कोव, कागानोविच या बड्या धेंडांनी ख्रुश्चेवला खाली खेचायचा घाट घातला. प्रेसिडियममध्ये बहुमत त्यांचं होतं. बाई तेव्हा मॉस्को शहराच्या पक्षसचिव, प्रेसिडियमच्या नुसत्या उमेदवार-सदस्य. तरी त्या ख्रुश्चेवच्या बाजूने उभ्या राहिल्या, डाव जिंकला आणि बाईंना पूर्ण सदस्यत्व मिळालं. तिथवर पोचलेली ही पहिली बाई. आता गंमत अशी, की त्याच सभेत ब्रेझनेवलाही हीच बढती मिळाली, त्याच कारणासाठी. पण त्याला कोणी मर्जी म्हणत नाही, त्याला राजकारण म्हणतात.

1960 साली बाईंना पक्षाच्या सचिवालयातून काढून संस्कृती खातं दिलं, 1961 मध्ये प्रेसिडियममधूनही वगळलं. पुढची पंचवीसहून जास्त वर्षं तिथे एकही बाई दिसली नाही. असो.

माझं खरं भांडण पुढच्या चौदा वर्षांबद्दल आहे. 1960 ते 1974 एवढा काळ बाई मंत्री होत्या, आणि लोक त्यांच्या शिरा आणि डाचावर पानंच्या पानं लिहितात! अहो, मंत्री म्हणून काय केलं ते बघा ना. 1964 मध्ये मिलानचा ला स्काला ऑपेरा मॉस्कोत आला. 1973 मध्ये शगाल अर्धशतकानंतर मायदेशी येऊन गेला. 1974 मध्ये टोकियोहून परतणारी मोनालिसा वाटेत मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममध्ये थांबली. हे सगळं बाईंच्या खात्यावर जमा.

आणि नावे काय? बोरिस मोझायेवची एक कथा 'नोवी मीर' मासिकात 1966 सालीच छापून आली होती. फ्योदोर कूझ्किन नावाचा गरीब शेतकरी पोराबाळांना जगवण्यासाठी कोलखोज सोडतो, एवढीच गोष्ट. तिच्यावरून ल्युबीमोवने तगान्का थिएटरात 'झिवोय' (म्हणजे 'जिवंत') हे नाटक बसवलं. बाईंनी जातीने येऊन तालीम पाहिली आणि बंद पाडलं. कापडगिरणीतून वर आलेल्या बाईने, एका उपाशी शेतकऱ्याचं नाटक! रोस्त्रोपोविचने 1970 मध्ये सोल्झेनित्सिनच्या बाजूने पत्र लिहिलं, त्यावर त्याचे परदेश दौरे आणि मोठे कार्यक्रम आटले. देशातला सर्वोत्तम चेलोवादक 1974 मध्ये देश सोडून गेला. तेही याच खात्याच्या राजवटीत.

कोणी म्हणेल, त्या बिचाऱ्या काय करणार, वरून हुकूम येत होते. येत असतील. पण 1967 मध्ये सोव्रेमेन्निक थिएटरचं 'बोल्शेविक' हे नाटक सेन्सॉरने अडवलं, तेव्हा याच बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर परवानगी दिली होती. म्हणजे मनात आलं तर जमत होतं! म्हणूनच 'झिवोय'चा जाब त्यांनाच विचारायचा.

पक्षाने मात्र जाब विचारला तो डाचाचा. बोल्शोयच्या कोट्यातलं बांधकामाचं सामान स्वतःच्या डाचाला वापरलं, म्हणून 1974 मध्ये ठपका आणि पैसे भरून द्यायची शिक्षा. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला बाई गेल्या. अधिकृत कारण हृदयविकार, बाकी कुजबुज आजतागायत चालू आहे.

त्यांच्या जागी देमिचेव आला आणि बारा वर्षं राहिला. त्याच्या डाचाबद्दल मी अजून एक ओळ वाचलेली नाही. आणि कूझ्किन रंगमंचावर आला 1989 मध्ये, बाई जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर.