‘ऑनेस्ट ब्रोकर’ कोण?

एक इंग्रजी शब्दप्रयोग अलीकडे आमच्या कानावर वारंवार येत आहे. एका विभागात शाखा सचिवाच्या निरोप समारंभात वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्यांची स्तुती करताना सांगितले, की हे गृहस्थ प्रशासन आणि कामगार यांच्यामधले ‘ऑनेस्ट ब्रोकर’ होते. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत आमचे सभासदही होते. अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता याबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु संघटनेच्या कार्यकर्त्याने ही स्तुती स्वीकारावी काय, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

शब्दशः अर्थ घेतला तर ‘प्रामाणिक दलाल’. मराठी माणसाला हे दोन शब्द शेजारी बसलेले पाहून हसूच येईल. इंग्रजीत मात्र ज्याचा वादात स्वतःचा स्वार्थ नाही आणि जो दोन्ही पक्षांचे ऐकून त्यांच्यात तडजोड घडवून आणतो, त्या निःपक्षपाती मध्यस्थाला असे म्हणतात.

हा शब्दप्रयोग जगभर रुजविला तो जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने. रशिया व तुर्कस्तान यांच्या युद्धानंतर बाल्कन प्रदेशाचे काय करायचे, यावर युरोपातील सत्तांमध्ये तंटा उभा राहिला. फेब्रुवारी १८७८ मध्ये बिस्मार्कने जर्मन संसदेत सांगितले, की आपली भूमिका सौदा खरोखर जमवून आणणाऱ्या प्रामाणिक दलालाची आहे. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली बर्लिन येथे परिषद भरली. युद्ध टळले, हे खरे. पण बल्गेरियाच्या प्रतिनिधीला त्या टेबलावर जागा नव्हती आणि तुकडे पडले ते बल्गेरियाचेच! जो टेबलावर नसतो त्याच्या पदरात काय पडते, याचा हा धडा आहे.

आणखी एक गोष्ट कामगारांनी विसरता कामा नये. याच बिस्मार्कने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समाजवाद्यांविरुद्धचा कायदा संमत करवून घेतला. सभा बंद, वृत्तपत्रे बंद, समाजवादी विचारांच्या कामगार संघटना बंद. हा कायदा १८९० पर्यंत चालू राहिला. परराष्ट्रांच्या भांडणात प्रामाणिक दलाल म्हणविणारा माणूस घरच्या कामगाराशी मध्यस्थ म्हणून वागला नाही, कारण त्या वादात तो स्वतःच एक पक्ष होता.

आम्हाला सांगायचे आहे ते नेमके हेच. जो वादात पक्ष आहे तो मध्यस्थ होऊ शकत नाही, मग तो कितीही सज्जन असो.

याचा अर्थ निःपक्षपाती मध्यस्थ नसतोच, असे नाही. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या इतिहासातच त्याचे उदाहरण आहे. १९४६ साली रेल्वे कामगारांच्या कामाचे तास, विश्रांती व रजा यांविषयीचा वाद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्याकडे सोपविण्यात आला. त्यापूर्वी सलग ड्युटीच्या कामगाराला आठवड्याला ६० तास आणि अधूनमधून काम असणाऱ्याला ८४ तासांपर्यंत राबविता येत असे. १९४७ च्या राजाध्यक्ष निवाड्याने ही मर्यादा अनुक्रमे ५४ आणि ७५ तासांवर आणली, तर अतिश्रमाच्या कामासाठी ४५ तास ठरविले. आजही रोस्टरवर वाद घालताना आपण ‘कंटिन्युअस’, ‘इंटेन्सिव्ह’ हे शब्द वापरतो, त्यामागे हा निवाडा आहे.

हेच न्यायमूर्ती १९४६ मध्ये टपाल कामगारांच्या वादातही नेमले गेले होते. तरीही त्या वर्षीच्या जुलैमध्ये टपाल कामगारांना देशव्यापी संप करावा लागला. मध्यस्थ चांगला असला तरी संघटनेचे काम त्याच्यावर सोपवून घरी बसता येत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

शब्दांचा घोटाळा टाळण्यासाठी फरक नीट समजून घ्यावा. समेट अधिकारी दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवितो, समजावतो, पण निकाल देऊ शकत नाही. लवाद निवाडा देतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट फसल्यावर वाद न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे बहुतेक बाबतींत सरकारच ठरवीत असे. आमचा मालकही सरकारच! २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने समेट अधिकाऱ्याच्या अहवालानंतर ९० दिवसांत पक्षांना थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दिली आहे. त्याच संहितेने संपाच्या अटी सर्व उद्योगांसाठी कडक केल्या आहेत, हेही विसरू नये.

१९६६ पासूनच्या जे.सी.एम. योजनेत सक्तीच्या लवादाची तरतूद आहे. मंडळात एक सदस्य सरकारी बाजूच्या यादीतून, एक स्टाफ साइडच्या यादीतून आणि अध्यक्ष त्रयस्थ. रचना चांगली आहे. पण विषय तीनच: वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा. तेही एखाद्या वर्गाचे किंवा श्रेणीचे, एकट्या कामगाराचे नव्हे. शिवाय निवाडा संसदेच्या अंतिम अधिकाराला अधीन. म्हणजे पंचाने निकाल दिला तरी सरकार कारणे देऊन तो बदलण्यासाठी संसदेपुढे जाऊ शकते.

म्हणून आमचे शाखा सचिवांना सांगणे आहे, की कोणी मध्यस्थ म्हणून पुढे आला की तीन प्रश्न विचारा. त्याला नेमले कोणी? वाद कसाही मिटला तरी त्याचा फायदा-तोटा कोणता? त्याचा शब्द कोणावर बंधनकारक आहे? उत्तरे समाधानकारक असतील तर त्याचा मान राखा, आपली बाजू कागदपत्रांसह मांडा आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

आणि स्वतःबद्दल विचाराल, तर संघटनेचा पदाधिकारी हा मध्यस्थ नाही. तो कामगारांचा प्रतिनिधी आहे. गँगमनची तक्रार साहेबांकडे आणि साहेबांची अडचण गँगमनकडे पोहोचविणे एवढेच त्याचे काम असते, तर वर्गणी अर्धी प्रशासनाने भरायला हवी होती! पोस्टमनच्या बीटचा प्रश्न मांडताना त्याने पोस्टमनच्याच बाजूने बोलले पाहिजे. त्याने सभ्यपणे बोलावे, खोटी आकडेवारी देऊ नये, दिलेला शब्द पाळावा. प्रामाणिकपणा एवढाच. तडजोड करावी लागली तर ती सभासदांना विचारून करावी आणि गेट मीटिंगमध्ये उघडपणे सांगावी.

निवृत्त झालेल्या त्या शाखा सचिवांनी पुष्कळ चांगले काम केले आहे. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. त्यांना निरोप देताना आम्ही एवढेच म्हटले असते, की हे कामगारांचे प्रामाणिक प्रतिनिधी होते. आमच्या चळवळीत यापेक्षा मोठी पदवी नाही.