उंची वाढते, पण कोणाची?

मराठी माणूस मुळातच बुटका, हा समज सोडायला हवा. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या काळात वंश बदलत नाही. ताटातले अन्न, पिण्याचे पाणी आणि आजारपण बदलते.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ झाले. देशाचा आकडा याच काळात ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. पुढारलेले म्हणवणाऱ्या राज्याला हे अजिबात शोभत नाही. गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांत खुंटलेली वाढ पुढे सहसा पुरती भरून निघत नाही. मूल वारंवार आजारी पडते, अभ्यासात मागे राहते. अशा मुलीला पुढे बाळंतपणही जड जाते.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे गरम जेवण मिळते, लहान मुलांना अंडी किंवा केळी. ती योजना शहरांतल्या झोपडपट्ट्यांपर्यंत न्यावी, आणि अंगणवाडीसेविकांचे मानधन थकवू नये. दर महिन्याला मुलांची उंची मोजण्याचे काम त्यांच्याच हातात आहे.