चित्रेचा गण कोणता?

जिच्यावरून चैत्राला नाव मिळाले, ती चित्रा आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिली आहे? पत्रिकेत मात्र ती हमखास भेटते. ‘मुलीचे नक्षत्र चित्रा, म्हणजे राक्षसगण’ एवढ्या एका वाक्यावर जमत आलेली लग्ने मोडतात. तेव्हा या चित्रेची खरी ओळख करून घ्यायला हरकत नसावी.

साध्या डोळ्यांना एक दिसणारी चित्रा प्रत्यक्षात जोडतारा आहे. १८९० मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हेर्मान फोगेल यांनी तिच्या वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकताना पाहून हे ओळखले. ही जोडी आपल्यापासून सुमारे २५० प्रकाशवर्षे दूर. थोरल्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ११ पट, धाकट्याचे सुमारे ७ पट. दोघांमधले अंतर साधारण दोन कोटी किलोमीटर. आपला बुध सूर्यापासून याच्या जवळजवळ तिप्पट लांब असतो. चार दिवसांत ते एकमेकांभोवती फेरी पुरी करतात आणि परस्परांच्या ओढीने दोघेही अंड्यासारखे लांबट झाले आहेत.

त्यातला थोरला धडधडतोही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील निरीक्षकांना आढळले, की तो दर चार तास दहा मिनिटांनी किंचित उजळतो आणि मंदावतो. अशा ताऱ्यांत पृष्ठभागाखाली लोहासारख्या मूलद्रव्यांमुळे एक थर आतली उष्णता अडवून धरतो. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उचलले जाते आणि वाफ निसटली की खाली बसते, तसेच हे. पुढे १९७० च्या दशकात चित्रेची ही धडधड दिसेनाशी होत गेली. म्हणजे ती थांबलीच, असे नव्हे. जोडीदाराच्या ओढीमुळे थोरल्याचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि आपल्याकडे असलेली त्याची बाजू बदलते, असा एक खुलासा आहे. बदलला असेल तो आपला कोन!

पृथ्वीचा आसही असाच डुलतो. त्यामुळे संपातबिंदू नक्षत्रांमधून हळूहळू मागे सरकतो आणि नक्षत्रचक्राची सुरुवात कोठून धरायची, हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात यावरून मोठा वाद झाला. लोकमान्य टिळक रेवतीच्या ताऱ्याच्या बाजूचे, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या समोरच्या बिंदूच्या बाजूचे. १९५० च्या दशकात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चित्रेच्या आधारे गणित स्वीकारले. टिळक पंचांग मात्र रेवतीपक्षाचे. दोन्हींत फरक सुमारे चार अंशांचा.

चार अंश म्हणजे चंद्राची सात-आठ तासांची चाल. तेवढ्या वेळात जन्मलेली एखादी मुलगी एका पंचांगाप्रमाणे हस्त नक्षत्राची, म्हणजे देवगणी. दुसऱ्याप्रमाणे चित्रेची, म्हणजे राक्षसगणी! मुलगी तीच, जन्मवेळ तीच. टेबलावर कोणते पंचांग होते, एवढ्यावर ती देवी ठरणार की राक्षसी?

पंचांगाशी माझे वैर नाही. सणवार, तिथी, ऋतू यांची ती शेकडो वर्षांची काटेकोर जमाखर्चाची वही आहे. टिळक आणि केतकर भांडले तेही गणितावरून, वेधांवरून. आपण त्यांची चौकशीची वृत्ती सोडली आणि तयार रकाने तेवढे उचलले. आता तर जन्मवेळ संगणकात घातली, की क्षणात गुण मोजून मिळतात. आकाशाकडे मान वर करण्याचेही कारण उरलेले नाही.

‘परंपरा आहे, बघितले तर बिघडले काय?’ असे सुशिक्षित घरांतूनही विचारले जाते. बिघडते ते त्या मुलीचे. ‘पत्रिका जुळत नाही’ हा नकार इतका सभ्य असतो, की त्याला उत्तरच देता येत नाही. वर आपल्यातच काही खोट असावी, अशी तिची समजूत होऊन बसते. खोट असेल तर ती ना तिच्यात, ना चित्रेत; ती आपल्या आळसात आहे.

चैत्र-वैशाखात रात्रीची जेवणे आटोपली, की मुलांना घेऊन गच्चीवर जावे. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की आधी नारिंगी स्वाती लागते, आणखी पुढे निळसर पांढरी चित्रा. ती एकदा नीट पाहावी. मग पुढचे स्थळ आले, की मुलीला तिचे शिक्षण, तिची आवड, तिचे मत विचारावे. गण विचारू नये.