दुरुस्तीकाराचे स्वातंत्र्य

‘नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा’ असा उपदेश राज्यकर्ते सुशिक्षित बेकारांना गेली काही वर्षे करीत आले आहेत. संगणक-दुरुस्तीचा छोटा स्वतंत्र व्यवसाय हे या उपदेशाला साजेसे उदाहरण. त्याला कारखाना लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. हाताशी पेचकसांचा संच, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची साधने असली की आयटीआय झालेला तरुण कामाला लागू शकतो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळण्याची तरतूदही आहे. तेव्हा प्रारंभ सोपा आहे, हे मान्यच केले पाहिजे.

या कामाचे सामाजिक मोलही निर्विवाद आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये असंख्य कारागीर कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीवाचून, केवळ हाताखाली काम करीत ही विद्या शिकले. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, थोडी रॅम वाढवली, की मंदावलेला संगणक आणखी काही वर्षे चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. नव्या प्रणालीच्या अटी न पुरवू शकणारी कितीतरी धडधाकट यंत्रे त्या दिवशी जणू कालबाह्य ठरवली गेली. अशा यंत्रावर विनामूल्य लिनक्स बसवून ते एखाद्या शाळेला वा ग्रंथालयाला वापरण्याजोगे करून देणारा कारागीर ग्राहकाचा पैसा वाचवतो आणि देशाचा ई-कचराही कमी करतो.

परंतु हा कारागीर खरोखर स्वतंत्र आहे काय? अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. मदरबोर्डाचे आराखडे निर्माता कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत. अस्सल सुटे भाग अधिकृत केंद्रांपुरते राखले जातात. काही यंत्रांत तर बदललेला भाग कंपनीच्या सॉफ्टवेअरने ओळखल्याशिवाय पूर्णपणे कामच करीत नाही. कौशल्य कारागिराचे, पण किल्ली कंपनीची! उत्पादनसाधनांच्या मालकीचा जुना प्रश्नच येथे नव्या वेषात उभा आहे.

व्यवसायाच्या प्रसाराचीही तीच कथा. या धंद्यात विश्वास हेच भांडवल होय. ग्राहकाची खासगी माहिती न उघडणे, खर्चाचा अंदाज आधी लेखी देणे, काढलेला जुना भाग परत करणे, केलेल्या कामाची ठराविक मुदतीची हमी देणे, ही पथ्ये पाळणाऱ्याची कीर्ती चाळीतून चाळीत आपोआप पसरते. मात्र ती पसरायला वेळ लागतो, आणि कर्जाचा हप्ता तोवर थांबत नाही. मग तरुण एखाद्या ॲपचा आश्रय घेतो. तेथे दर, दलाली आणि गुणांकन ॲपचे मालक ठरवतात. आजारपण, अपघात व रिकामे दिवस मात्र त्याच्या वाट्याला येतात. मालकाचे नाव मिळाले, पण मजुराची असुरक्षितता गेली नाही, अशी ही अवस्था आहे.

यावर उपाय दोन दिशांनी करावा लागेल. पहिली दिशा कायद्याची. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली व त्याच वर्षाअखेर एक पोर्टलही सुरू केले. परंतु त्यावर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर राहिले. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये याबाबत कायदा केला, तोही उद्योगपतींच्या दडपणाखाली पळवाटांनी पोखरला गेला. भारतात सुटे भाग, आराखडे व निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना वाजवी दरात देणे बंधनकारक करणारा निःसंदिग्ध कायदा हवा.

दुसरी दिशा संघटनेची. कॉफी बोर्डाने उपाहारगृहे बंद करण्याचे ठरवल्यावर १९५७ पासून ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ‘इंडियन कॉफी हाऊस’ चालवली. मग एका तालुक्यातील दहा-पंधरा कारागिरांना सहकारी संस्था काढणे अशक्य का वाटावे? सुटे भाग एकत्र खरेदी करता येतील, महागडी साधने सामाईक ठेवता येतील, हमी संस्थेच्या नावाने देता येईल आणि शाळा-ग्रामपंचायतींची कामे एकत्रितपणे मागता येतील.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील या विखुरलेल्या कारागिरांना प्रथम एका बैठकीत आणावे. एकेकट्या स्वयंरोजगाराला स्वावलंबनाचे रूप संघटनेखेरीज येणार नाही.